नूतनीकरणाच्या तारखेआधी : लहान-मध्यम उद्योगांनी सॉफ्टवेअर परवाने आणि संगणकांचा हिशेब कसा ठेवावा

भोसरी, अंबड, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर किती आहेत, त्यांचे कॅलिब्रेशन कधी झाले आणि पुढचे कधी आहे, हे लगेच सांगता येते, कारण गुणवत्ता प्रमाणपत्राच्या तपासणीत तो प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच कारखान्यात संगणक किती, त्यांतले वॉरंटीत किती, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची किती खाती चालू आहेत आणि त्यांतली किती कोणी उघडतच नाही, असे विचारले की उत्तर तीन ठिकाणी विखुरलेले सापडते : थोडे लेखा विभागाच्या बिलांत, थोडे संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यात आणि उरलेले मालकाच्या क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात.

साधारण वीस ते दीडशे संगणक असलेल्या उद्योगांना, सीए आणि वास्तुविशारदांच्या कार्यालयांना, पतसंस्थांना आणि रुग्णालयांना हा हिशेब स्वतःच्या बळावर लावता येतो. पुरवठादाराशी घासाघीस करून दोन-पाच टक्के सुटतात. मोठी बचत होते ती काय विकत घेतले, काय बसवले आहे आणि काय खरोखर वापरले जाते या तीन याद्या एकमेकींशी ताडून पाहण्यात. आणि हे ताडणे नूतनीकरणाच्या तारखेआधी झाले तरच त्याचे पैसे होतात, कारण ती तारीख उलटल्यावर बहुतेक करार वर्षभर हात बांधून टाकतात.

नोंदवही

शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत डेड स्टॉक रजिस्टर ठेवण्याची पद्धत आहे. संगणकांसाठी तेच रजिस्टर काही जादा रकान्यांसह चालते. प्रत्येक यंत्रामागे एक ओळ असावी आणि तिच्यात यंत्राला दिलेला स्वतःचा क्रमांक, उत्पादकाचा सिरियल नंबर, बिलाचा क्रमांक व तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख, प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्कचा प्रकार, विंडोजची आवृत्ती, यंत्र कोणत्या विभागात आहे आणि कोणाच्या नावावर आहे, एवढे लिहावे. यंत्रावर चिकटवायचा क्रमांक साध्या बारकोड स्टिकरवर छापून घ्यावा; मार्करने लिहिलेला क्रमांक सहा महिन्यांत पुसला जातो.

पन्नास यंत्रांपर्यंत एक्सेलची फाइल पुरते. त्यापुढे स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय ही मुक्तस्रोत साधने पाहावीत. दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येतात, आणि जीएलपीआयला प्रत्येक संगणकावर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवून सॉफ्टवेअरची यादी आपोआप गोळा करता येते. याच कामासाठी महागडी पॅकेजेही विकली जातात; शंभर संगणकांच्या आतल्या कार्यालयासाठी ती नाकापेक्षा मोती जड ठरतात. साधन कोणते याहून नोंदवही कोणाकडे आहे हे महत्त्वाचे. ती संगणकाची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे नसावी, कारण जास्त विकण्यात आणि जास्त दुरुस्त करण्यात त्याचा फायदा असतो आणि त्यात त्याचा दोषही नाही. नोंदवही लेखा विभागाकडे असावी. बिल त्यांच्याकडेच येते, पैसे तेच देतात, आणि नोंदवहीत ओळ नसेल तर बिल मंजूर करायचे नाही, हा नियम तेच राबवू शकतात.

यादी करताना प्रत्येक यंत्रावर विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासायला एक मिनिट लागते आणि ते मिनिट चुकवू नये. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन ‘डीएलआय’ लिहिले की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात ‘ओईएम’ दिसले तर परवाना यंत्राबरोबर आलेला आहे, ‘रिटेल’ दिसले तर स्वतंत्र विकत घेतलेला आहे, आणि ‘व्हॉल्यूम’ दिसले तर तो मोठ्या खरेदीच्या कराराखालचा आहे. आता हीच आज्ञा ‘एक्सपीआर’ या अक्षरांसह द्यावी. सक्रियता कायमची आहे असे उत्तर आले तर ठीक. पुढच्या सहा महिन्यांतली एखादी तारीख दिसली तर मात्र थांबून विचार करावा, कारण १८० दिवसांची सक्रियता ही मोठ्या कंपन्यांत सगळ्या यंत्रांवरचे विंडोज सक्रिय करणाऱ्या केएमएस सर्व्हरची खूण आहे. ज्या कार्यालयात असा सर्व्हर कधी बसवलेलाच नाही, तिथे ही तारीख दिसत असेल तर कोणीतरी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून विंडोज चालू केलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. खरेदीत दोन-चार हजार वाचवण्यासाठी ‘डॉसवाला’, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, संगणक घेतला जातो, विंडोज कुठून आले हे नंतर कोणी विचारत नाही, आणि अशी यंत्रे नेमकी या तपासणीत उघडी पडतात. त्यांच्यासाठी मागाहून व्हॉल्यूम करारातून विंडोज घेण्याचा सल्ला कोणी दिला तर लक्षात ठेवावे की त्या करारातला डेस्कटॉप विंडोजचा परवाना हा वरच्या आवृत्तीत नेणारा असतो. खाली मूळचा पात्र परवाना असल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

कागद कुठे आहेत

दुसरी यादी हक्काची, म्हणजे आपण कशाचे पैसे दिले याची. तिच्यासाठी गेल्या पाच-सात वर्षांची बिले काढावी लागतात आणि हे काम कंटाळवाणे आहे. परवान्याचा पुरावा म्हणजे खोक्यावरचे स्टिकर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पंचवीस अक्षरांची किल्ली नव्हे. कंपनीच्या नावाचे आणि जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल, उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या खात्यात दिसणारी नोंद आणि असल्यास परवाना प्रमाणपत्र, असे तिन्ही जुळले पाहिजे. ऑनलाइन बाजारात पाचशे-हजार रुपयांना मिळणाऱ्या किल्ल्या बहुधा दुसऱ्याच कोणाच्या करारातून किंवा मोडीत काढलेल्या यंत्रांवरून आलेल्या असतात. त्या सक्रिय होतात म्हणून परवाना मिळाला असे होत नाही, आणि बंद पडल्या की तक्रार करायला समोर कोणी नसते.

बिले शोधताना हमखास एक गोष्ट सापडते : कॅडची, म्हणजे ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरची, किंवा ऑफिसची नोंदणी पुरवठादाराच्या ई-मेलवर, किंवा नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या अभियंत्याच्या खासगी जीमेलवर झालेली असते. परवाना कागदोपत्री आपला, पण चावी दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था. कंपनीच्या डोमेनवर परवान्यांसाठी एक वेगळा पत्ता काढावा आणि सगळ्या उत्पादकांची खाती हळूहळू त्यावर आणावीत. नव्या खरेदीच्या पर्चेस ऑर्डरमध्ये मुख्य ॲडमिन खाते आमच्या याच पत्त्यावर असेल, अशी अट छापूनच टाकावी. पुरवठादार बदलायची वेळ येते तेव्हा ही एक ओळ फार उपयोगी पडते.

परवान्याचा प्रकार आणि सर्व्हरचा सापळा

ओईएम परवाना यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र भंगारात गेले की तोही गेला, नव्या यंत्रावर नेता येत नाही. रिटेल परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर घालता येतो. वर्गणीचा परवाना माणसाच्या नावावर असतो, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या डेस्कटॉप ॲप्स असलेल्या बिझनेस योजनांत एक माणूस पाच संगणकांवर ऑफिस बसवू शकतो. ज्यांच्याकडे डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही आहेत, अशांसाठी दोन परवाने घेतलेले अनेक ठिकाणी आढळतात. ते पैसे वाया जातात.

खरी गुंतागुंत सर्व्हरची आहे. विंडोज सर्व्हर विकत घेतला म्हणजे काम संपले, असे समजले जाते. प्रत्यक्षात स्टँडर्ड आवृत्तीच्या सर्व्हरवरच्या सेवा वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे सीएएल नावाचा वेगळा परवाना लागतो. तीन पाळ्यांत एकाच संगणकावर तीन माणसे बसत असतील तर यंत्रामागे घेतलेला सीएएल स्वस्त पडतो, आणि एकच माणूस डेस्कटॉप, लॅपटॉप व घरचा संगणक वापरत असेल तर माणसामागे घेतलेला. हा एक निर्णय योग्य घेतला तरी सर्व्हरच्या खर्चात लक्षात येण्याजोगा फरक पडतो.

पुढचा टप्पा टॅलीचा. शाखांमधून टॅली वापरता यावी म्हणून सर्व्हरवर टॅली ठेवून दहा माणसे रिमोट डेस्कटॉपने आत येतात, ही आपल्याकडची सर्रास रचना आहे. या रचनेत साध्या सीएएलवर भागत नाही. रिमोट डेस्कटॉपचे आरडीएस सीएएल वेगळे घ्यावे लागतात. सर्व्हरमध्ये मुळात मिळणारी दोन रिमोट सत्रे केवळ सर्व्हरची देखभाल करण्यासाठी आहेत, हिशेब लिहिण्यासाठी नाहीत. काही ठिकाणी साध्या विंडोज प्रोवर एक पॅच मारून एका वेळी अनेक माणसे आत घेतली जातात. ते परवान्याच्या अटींत बसत नाही. म्हणून आधी विचारावे की दहा जणांना रिमोटची गरज आहे का. एकाच इमारतीत बसणाऱ्यांना टॅलीचा बहुवापरकर्ता गोल्ड परवाना स्थानिक नेटवर्कवर पुरतो, आणि दूरच्या दोन-तीन जणांपुरतेच आरडीएस घ्यावे लागते. सर्व्हर जर केवळ ड्रॉइंगच्या फायली ठेवण्यासाठी असेल, तर लिनक्सवर चालणारी नॅस, म्हणजे नेटवर्कवर फायली साठवणारी, पेटी तेच काम करते आणि तिला सीएएल लागतच नाही.

टॅलीबद्दलच आणखी एक. तिचा मूळ परवाना कायमचा आहे. दरवर्षी नूतनीकरण होते ते टीएसएस या सेवेचे. ते न केल्यास टॅली बंद पडत नाही, पण नव्या आवृत्त्या आणि जोडलेल्या सेवा थांबतात. टीएसएस वाचवून पैसे वाचले असे खासगी मर्यादित कंपन्यांनी समजू नये, कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवणारी सोय असणे बंधनकारक आहे आणि जुन्या आवृत्त्यांत ती नाही.

वापर किती आहे

तिसरी यादी वापराची, आणि पैसे बहुतेक इथेच सापडतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गूगल वर्कस्पेस या दोन्हींच्या ॲडमिन पानावर कोणत्या खात्याने शेवटचे काम कधी केले, याचा अहवाल मिळतो. तो काढून लेखा विभागाने पगारपत्रकाशी ताडावा. पगारपत्रकात नाव नाही पण खाते चालू, अशी खाती पहिल्या फेरीतच हाती लागतात.

एक उदाहरण मांडू. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. समजा एका कारखान्यात ४५ खाती आहेत आणि सगळ्यांना एकसारखी, डेस्कटॉप ऑफिस असलेली योजना दिली आहे, महिन्याला प्रत्येकी ८०० रुपयांची. वर्षाचे झाले ४,३२,००० रुपये. पाहणीत दिसते की ६ खाती सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची आहेत, ४ खाती माणसांची नसून अकाउंट्स, पर्चेस, डिस्पॅच आणि एचआर अशा विभागांची आहेत, आणि १२ जण, म्हणजे पाळीप्रमुख व स्टोअरमधली मंडळी, मोबाइलवर मेल वाचण्यापलीकडे काही करत नाहीत. पहिली दहा खाती बंद केली तर ९६,००० रुपये वाचतात. बारा जणांना २०० रुपयांच्या साध्या योजनेत आणले तर आणखी ८६,४०० रुपये. एकूण १,८२,४०० रुपये, म्हणजे खर्चाच्या दोन-पंचमांशाहून जास्त, आणि कोणाचेही काम अडत नाही.

मात्र ही खाती धडाधड उडवू नयेत. मायक्रोसॉफ्टमध्ये सोडून गेलेल्याची मेलपेटी आधी सामायिक पेटीत बदलावी आणि मग तिच्यावरचा परवाना काढावा. ५० जीबीपर्यंतच्या सामायिक पेटीला परवाना लागत नाही. क्रम उलटा झाला आणि ३० दिवस निघून गेले, तर ग्राहकाशी झालेला जुना पत्रव्यवहार कायमचा जातो. विभागांचे पत्तेही अशाच सामायिक पेट्या करून संबंधित दोघा-तिघांना उघडून द्यावेत. गूगलमध्ये हेच काम समूहाने किंवा टोपणपत्त्याने होते. एका खात्याला असे ३० टोपणपत्ते विनाशुल्क जोडता येतात. खाते काढण्याआधी त्या माणसाच्या ड्राइव्हमधल्या फायलींची मालकी दुसऱ्याकडे सोपवायला विसरू नये.

कॅडच्या बाबतीत आकडे लहान पण रक्कम मोठी असते. ऑटोडेस्कने कायमचे परवाने विकणे २०१६ मध्ये बंद केले आणि २०२० पासून नेटवर्कवर वाटून वापरायच्या परवान्यांऐवजी नावानिशी परवान्यांकडे ग्राहकांना वळवले. त्यामुळे ‘तीन परवान्यांत आठ जण आळीपाळीने’ ही जुनी सोय आता उरलेली नाही. अशा वेळी आठ जण खरोखर ड्रॉइंग काढतात की काहीजण फक्त उघडून मापे पाहतात आणि प्रिंट काढतात, हे विचारावे. पाहण्यासाठी आणि छापण्यासाठी ऑटोडेस्कचेच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू विनामूल्य आहे. केवळ द्विमितीय रेखाटन करणाऱ्याला ऑटोकॅड एलटी बरेचदा पुरते. महिन्यातून चार-पाच दिवसच कॅड लागणाऱ्यासाठी टोकनवर चालणारी फ्लेक्स योजना असते, पण तीत दिवसाच्या हिशेबाने टोकन कापले जातात, त्यामुळे रोजच्या वापराला ती उलट महाग जाते. झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅड यांच्यासारखे कायमच्या परवान्याचे पर्यायही आहेत. बदल करण्यापूर्वी आपल्या मोठ्या ग्राहकाकडून आलेली खरी, जड फाइल त्यात उघडून पाहावी. विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवून निर्णय घेऊ नये.

फुकट दिसणारे

यादीत काही नावे अशी येतात की ती फुकटच आहेत, असे सगळे धरून चालतात. विनरार ४० दिवसांच्या चाचणीपुरते आहे. त्यानंतरही ते चालत राहते, एवढेच. त्याऐवजी सेव्हन-झिप कार्यालयातही विनामूल्य वापरता येते. टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्ती खासगी वापरासाठी आहे. विंडोजमधले क्विक असिस्ट साध्या मदतीला पुरते. प्रोग्रॅमर वापरतात ते डॉकर डेस्कटॉप २५० हून अधिक कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना मोफत नाही. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स मुक्त आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक कंपनीतल्या वापरासाठी मोफत नाही.

यांत सर्वांत धोक्याचे नाव ओरॅकलच्या जावाचे, म्हणजे काही प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकावर आधी बसवाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे. जावा ८ च्या एप्रिल २०१९ पासूनच्या सुधारित आवृत्त्या व्यावसायिक वापरासाठी मोफत राहिलेल्या नाहीत, आणि जानेवारी २०२३ पासून ओरॅकल जावाची वर्गणी वापरणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारते. त्यात अर्धवेळ आणि कंत्राटी माणसेही मोजली जातात. एक हजाराच्या आतल्या कंपनीला जाहीर दर माणशी महिना १५ डॉलर आहे. ई-निविदेवर डिजिटल सही चालावी म्हणून एकाच संगणकावर जावा बसवलेला असतो, आणि कारखान्यात कामगारांसह १५० माणसे असतील तर त्या दराने वर्षाचे २७,००० डॉलर होतात. इक्लिप्स टेम्युरिन किंवा ॲमेझॉन कोरेटो या ओपनजेडीकेवर आधारित आवृत्त्या विनामूल्य आहेत आणि बहुतेक ठिकाणी तेच काम करतात. म्हणून प्रत्येक संगणकावर जावा आहे का, कोणाचा आणि कशासाठी, हा रकाना नोंदवहीत वेगळा ठेवावा.

नूतनीकरणाचे कॅलेंडर

प्रत्येक वर्गणीची तारीख, स्वयंचलित नूतनीकरण चालू आहे की बंद, आणि संख्या कमी करण्याची शेवटची मुदत, हे तीन रकाने एका जागी आणून लेखा विभागाच्या कॅलेंडरवर ९० आणि ३० दिवस आधीच्या आठवणी लावाव्यात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, हा प्रकार स्वयंचलित नूतनीकरणात सर्वाधिक चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरच्या आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास सूचना येते, पण ती मालकाच्या मोबाइलवर येते आणि इतर पन्नास संदेशांत हरवते. तेव्हा सगळ्या वर्गण्या एकाच कंपनी-कार्डावर आणाव्यात आणि त्याच्या सूचना लेखा विभागाला मिळतील, अशी व्यवस्था करावी.

मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या व्यवस्थेत वार्षिक करार सुरू झाल्यावर पहिल्या सात दिवसांतच तो रद्द करता येतो किंवा त्यातली संख्या घटवता येते. नंतर वाढवता येते, कमी होत नाही. मासिक करार लवचिक आहे, पण तो साधारण २० टक्क्यांनी महाग पडतो. याचा अर्थ सरळ आहे : एखादी जागा वर्षातून दहा महिन्यांहून कमी लागणार असेल तर मासिक करार स्वस्त, त्याहून जास्त लागणार असेल तर वार्षिक. कायमच्या माणसांना वार्षिक आणि शिकाऊ उमेदवारांना किंवा प्रकल्पापुरत्या माणसांना मासिक, अशी मिसळ करावी. वार्षिक कराराचे पैसे दरमहा भरायचे असतील तर एप्रिल २०२५ पासून त्यावर पाच टक्के अधिक पडतात. हातात रोकड असेल तर एकरकमी भरणे परवडते, कॅश क्रेडिटवर व्याज चालू असेल तर दोन्हींची तुलना करूनच ठरवावे. मधेच माणूस सोडून गेला तर त्याची जागा नव्या माणसाला देता येते. नवा माणूस रुजू होताच नवी जागा विकत घेण्याची सवय मोडावी. गूगलच्या वार्षिक योजनेतही मुदत संपेपर्यंत संख्या घटत नाही.

तारखा वर्षभर विखुरलेल्या असतील तर एकाच उत्पादकाच्या सगळ्या जागा एका तारखेवर आणून घ्याव्यात. ती तारीख मार्चअखेरीस नसेल तेवढे बरे, कारण त्या पंधरवड्यात लेखा विभागाला मान वर करायला वेळ नसतो आणि पुरवठादाराला तेच हवे असते.

कर

कराची बाजू थोडक्यात, कारण तपशील आपल्या सीएशी बोलूनच ठरवायचे असतात. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल व ते बिल जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या विवरणात दिसत असेल, तर त्याचे क्रेडिट मिळते. एखाद्या अभियंत्याने परदेशी सेवा स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावाने घेतली तर विक्रेता त्याला सामान्य ग्राहक समजून कर लावतो आणि ते क्रेडिट बुडते. खात्यात कंपनीचा जीएसटी क्रमांक भरला तर विक्रेता कर लावत नाही, आपणच तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी थेट सरकारकडे, भरतो आणि क्रेडिट घेतो. म्हणजे केवळ एका रकान्याने १८ टक्के वाचतात. आयकरात संगणक आणि सॉफ्टवेअरवर ४० टक्के दराने घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. म्हणून मोठी खरेदी सप्टेंबरअखेरीपर्यंत वापरात आणलेली बरी. जीएसटीच्या रकमेवर घसारा धरला तर तिचे क्रेडिट मिळत नाही, हेही पाहावे.

यंत्रे : ठेवायची, सुधारायची की काढायची

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ यांचाही. या एका तारखेच्या धाकावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त नवे संगणक विकले जात आहेत. नोंदवहीतला प्रोसेसरचा रकाना इथे उपयोगी पडतो. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर असलेले यंत्र ‘चालत नाही’ म्हणून बाजूला काढले असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची चिप बंद ठेवलेली आहे का ते पाहावे. ती चालू केली की बरीच यंत्रे विनामूल्य विंडोज ११ वर जातात. त्याहून जुन्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची वाढीव सेवा देते, पण कंपन्यांना ती पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलरला, दुसऱ्या वर्षी दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, म्हणजे तीन वर्षांत ४२७ डॉलरला पडते. उशिरा सामील झाले तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. सात वर्षे जुन्या यंत्रावर एवढा खर्च करणे शहाणपणाचे नाही. ही सेवा केवळ अशा यंत्रांसाठी घ्यावी, ज्यांना एखादे सीएनसी किंवा मोजमापाचे महागडे उपकरण जोडलेले आहे आणि ज्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही.

यंत्र संथ आहे म्हणून बदलण्याची मागणी आली तर आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालून पाहावे. देखभालीच्या वार्षिक कराराची (एएमसीची) यादी वॉरंटीच्या रकान्याशी ताडावी. उत्पादकाची तीन वर्षांची जागेवरची वॉरंटी चालू असलेली यंत्रे एएमसीच्या यादीत सर्रास आढळतात आणि त्यांचे पैसे दोनदा दिले जातात.

बनावट प्रती आणि तपासणीचे पत्र

बनावट सॉफ्टवेअर ही बचत नाही, हे कायद्याच्या भाषेत सांगायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब पुरेसे आहे : संगणकावर जाणूनबुजून बनावट प्रत वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. गुन्हा कंपनीचा असेल तर कारभार सांभाळणारी माणसेही जबाबदार धरली जातात.

उत्पादकाकडून तपासणीचे पत्र किंवा फोन आला तर घाबरून संगणकांवरून सॉफ्टवेअर काढत सुटू नये. खुणा राहतात आणि ते पुरावा नष्ट केल्यासारखे दिसते. पत्र करारातल्या तपासणीच्या हक्काखाली आले आहे, की विक्रेत्याने नवी विक्री व्हावी म्हणून ‘आढावा’ असे नाव देऊन पाठवले आहे, हे आधी ओळखावे. दोन्हींना दिलेले उत्तर वेगळे असते. उत्तर एकाच माणसाने आणि लेखी द्यावे, फोनवर आकडे सांगू नयेत, आपली मोजणी पूर्ण होईपर्यंत मुदत मागावी आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवावे. नोंदवही आधीपासून असेल तर हे काम आठवड्यात होते.

सोडून जाताना आणि मोडीत काढताना

कर्मचाऱ्याच्या ना-हरकत पत्रात लॅपटॉप परत मिळाला, एवढीच ओळ असते. तिच्याखाली मेल, कॅड, क्लाउड खाती आणि बँकेच्या पोर्टलवरील प्रवेश यांच्या ओळी वाढवाव्यात आणि शेवटचा पगार निघण्याआधी लेखा विभागाने त्यांवर सही घ्यावी.

जुने यंत्र विकण्यापूर्वी त्यावरचे रिटेल परवाने निष्क्रिय करून परत खात्यात घ्यावेत, नाहीतर ते भंगाराबरोबर जातात. हार्ड डिस्क असेल तर ती एकदा पूर्ण पुसून काढणारे सॉफ्टवेअर चालवावे. एसएसडीवर तेवढे भरवशाचे नसते, तिथे उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी. ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती असलेली डिस्क वजनावर विकणाऱ्याच्या हाती देऊ नये. नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याला देऊन त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. खरेदीच्या वेळी जीएसटी क्रेडिट घेतलेले असेल तर पाच वर्षांच्या आत विकताना त्याचा उरलेला भाग किंवा विक्रीवरचा कर, यांतले जे जास्त ते भरावे लागते. त्यासाठी मूळ बिलाची तारीख लागते, आणि ती नोंदवहीच्या त्याच ओळीत असते. त्या ओळीपुढे विक्रीची तारीख, रक्कम आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून ती ओळ बंद करावी, खोडू नये.